संत्र्याच्या पेटीतली ऊब

माझा नवरा अंडी उबवायचा. असं सांगितलं की लोक हसतात, आणि लग्न ठरलं तेव्हा मीही हसले होते. तिगावला आमच्या घरी जो मध्यस्थ आला, त्याने मुलगा 'मशीन ऑपरेटर' आहे असं सांगितलं होतं. ऑपरेटर म्हटल्यावर मला वाटलं, मोठ्या चाकांचं, ग्रीस-तेलाचं काहीतरी काम असेल. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा पाहिलं, तर गावाबाहेर सौंसरच्या रस्त्यावर एका शेठचा कोंबड्यांचा फार्म, त्यात एक बंद खोली, आणि खोलीत कपाटाएवढी दोन लाकडी मशीनं. आत ट्रेमध्ये अंडी मांडलेली. माझा नवरा दिवसभर काचेतून आतला पारा बघत बसायचा. कोंबडीचं काम तुम्ही करता, मग कोंबडी काय करते, असं मी त्याला विचारायचे. तोंडावर मी त्याला आयुष्यभर 'तुम्ही' म्हटलं. कागदावर 'तो' म्हणते आहे, कारण रागवायला आता तो नाही.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं होती. आमच्या वस्तीत तेव्हा वीज नुकती घराघरात आली होती आणि यायची त्यापेक्षा जायचीच जास्त. बहुतेक लोक शेतमजुरीला जायचे, कुणी जिनिंगमध्ये, कुणी संत्र्याच्या तोडीवर. महिन्याचा पगार आणणारा माझा नवरा, त्यामुळे त्याला मान होता. पण त्याच्या कामाची टवाळीही चालायची. त्याला तिचं काही वाटत नसे. तो म्हणायचा, ऊब देणं हे सोपं काम नाही. ऊब कमी पडली तर जीव धरत नाही, जास्त झाली तर धरलेला जीव शिजतो. असं तो गंभीरपणे बोलायला लागला की मी भाकरीकडे लक्ष द्यायचे.

त्या मशीनचा जीव एका छोट्या वस्तूत होता. तिला थर्मोस्टॅट म्हणतात, पण फार्मवर सगळे नुसतं 'कट' म्हणायचे. बिस्किटाएवढी पितळेची पोकळ चकती, आत कसलंसं पातळ औषध. हवा तापली की चकती फुगायची, समोरचं बटण दाबायची आणि बल्ब बंद व्हायचे. हवा निवली की ती आक्रसायची आणि बल्ब पुन्हा लागायचे. किती तापल्यावर बटण दाबलं जावं हे एका स्क्रूवर ठरायचं. बल्ब विझला की फार्मवर म्हणायचे, 'कट मारला.' म्हणजे आता ऊब पुरली, काळजी नको. हा शब्द नवऱ्याने घरातही आणला होता. जेवताना हात आखडता घेतला की म्हणायचा, 'कट मारला बाप्पा आता.'

मला दिवस गेले तेव्हा सगळं ठीक होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, म्हणून बाळंतपण माहेरी न होता सासरीच होणार होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, कारण सासू होती. तिला मी आत्याबाई म्हणायचे. आमच्या वस्तीत कुणीही बाळंतीण झाली की आत्याबाईंना बोलावणं यायचं. शेक देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेगडीत निखारे कितपत फुलवायचे, ओवा आणि शेपा कधी टाकायच्या, बाजेखाली शेगडी कुठे सरकवायची, सगळं त्यांच्या हाताला ठाऊक होतं. बोलायला फटकळ होत्या. मला पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या की पोरगी काडीसारखी आहे, वाऱ्यात उडेल. पण मला सहावा लागल्यापासून त्यांनी पाण्याची घागर माझ्या हाती लागू दिली नाही.

पोर वेळेआधीच आलं. किती आधी, यावर वस्तीतल्या बायांचं एकमत होईना. आमच्याकडे म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. म्हणून जी येई ती माझ्या बाजेशी बसून बोटांवर महिने मोजायची आणि मला ओढूनताणून सातव्यात ढकलायची. मुलगा होता. रंगाने लाल, अंगावर केसांची लव, आणि रडणं इतकं बारीक की बाजूच्या खोलीत ऐकू जाऊ नये. गावातल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन पाहून गेल्या. त्या म्हणाल्या, श्वास चांगला आहे, नागपूरला नेता आलं तर पाहा, पण या थंडीत गाडीने नेताना रस्त्यातच निवला तर काही उपयोग नाही. दूध पोटात राहिलं आणि अंग गरम राहिलं तर इथेही तरेल. मुख्य गोष्ट ऊब, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

ऊब हा शब्द ऐकला आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा बदलला, हे मी पडल्या पडल्या पाहिलं. इतकी वर्षं ज्या कामाला लोक हसले ते काम आता त्याच्या पोराला हवं होतं. तो तडक सायकल घेऊन गेला आणि शेठला विचारून मोडीत निघालेल्या एका मशीनचा कट आणि पारा घेऊन आला. पेटी शोधायला लांब जावं लागलं नाही. पांढुर्ण्यात दुसरं काही मिळो न मिळो, संत्र्याची पेटी मिळते. चांगल्या दोन पेट्या मोडून त्याने एक लांबट पेटी केली, फटींना आतून पुठ्ठा ठोकला, खाली सरकी काढलेल्या कापसाचा जाड थर दिला आणि वर काचेचं झाकण केलं. पेटीच्या एका टोकाला दोन बल्ब, मधे जाळीचा आडोसा, आणि दुसऱ्या टोकाला कट व पारा. कट बल्बजवळ लावायचा नसतो, असं तो मला समजावत होता. जवळ लावला तर तो बल्बची ऊब मोजेल, पेटीची मोजणार नाही.

पेटी तयार झाली, पण पोराला लगेच आत ठेवू देईना. आधी रिकामी चालवून पाहायची म्हणाला. मशीनमध्ये अंड्याला लागते ती ऊब जवळजवळ शंभर फॅरनहाइटची, पोराला डॉक्टरीणबाईंनी त्याहून कमी सांगितली होती. मग त्याची स्क्रूशी झटापट सुरू झाली. स्क्रू केसभर फिरवायचा, थांबायचं, बल्ब कधी कट मारतो ते बघायचं, पारा वाचायचा, पुन्हा केसभर मागे. मी पोराला छातीशी धरून गोधडीखाली पडले होते आणि त्याच्या पाठीकडे बघत होते. जेवायलाही उठला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "लेका, पोराचं आंग गरम करून राहिला का रेडिओचं टेशन लावून राहिला?" तो हसला नाही. आताच्या नर्सा सांगतात, असं पोर आईच्या उघड्या छातीशीच बांधून ठेवा, त्याच्यापरतं दुसरं यंत्र नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले होते, आणि ज्या पोरीला ती नर्स सांगत होती ती माझ्याकडे बघत राहिली.

शेवटी त्याच्या मनासारखं झालं. पण दिवसा पत्रा तापायचा आणि रात्री घर गार पडायचं, त्यामुळे एकाच खुणेवर पेटी सारखी राहीना. म्हणून त्याने स्क्रूच्या डोक्यावर एक रेघ ओढली आणि पट्टीवर माझ्या नखांच्या लाल रंगाने दोन खुणा केल्या. एक दिवसाची, एक रात्रीची. ऊन खोलीत आलं की रेघ दिवसाच्या खुणेला लावायची, दिवेलागणीला रात्रीच्या. हे काम माझ्याकडे दिलं, कारण तो ड्यूटीवर असायचा आणि आत्याबाई म्हणायच्या, त्या पितळी चकतीला मी हात लावत नाही. पेटी माझ्या बाजेशेजारी एका स्टुलावर ठेवली. पाऱ्याचं टोक माझ्याकडे, म्हणजे मला पडल्या पडल्या वाचता यावं. बल्बांचं आणि पोराच्या डोक्याचं टोक भिंतीकडे. नवऱ्याने मला आणि आत्याबाईंना शाळेतल्या पोरांसारखं समोर बसवून शिकवलं. पारा या रेघेवर हवा. बल्बने कट मारला म्हणजे घाबरायचं नाही, उलट समजायचं की पोराचं पोट उबेने भरलं. बल्ब लागूनच राहिला तर मात्र मला बोलवा.

वस्तीतले लोक बघायला यायचे. कोंबडीचं पिल्लू उबवून राहिले म्हणून हसायचे, पण काचेवर वाकले की गप्प व्हायचे. पोर कापसात निजलेलं, बल्बच्या उजेडात त्याच्या पापण्या आरपार दिसायच्या. मी वाटीत दूध काढायचे आणि आत्याबाई कापसाच्या वातीने थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडायच्या. किती वेळ लागेल त्याची त्यांना पर्वा नसे. एरवी उभ्या उभ्या भांडणाऱ्या बाईला एवढा धीर कुठून आला, मला कळत नसे. आमच्या मागच्या घरातल्या शेतकऱ्याची बायको जामसांवलीला जाऊन आली आणि मारुतीचा अंगारा घेऊन दारात उभी राहिली. आत्याबाईंनी दीक्षेच्या वर्षी घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते आणि त्यानंतर कुणाचा प्रसादही घेतला नव्हता. मला वाटलं, आता ही त्या बाईला काहीतरी टाकून बोलणार. त्या नुसतं म्हणाल्या, "ठेवून जाय खिडकीत." पुडी दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती. मी विचारलं नाही.

शेगडी त्या जागी कशी आली ते आता सांगते. बाळंतिणीला शेक चालूच होता, शेगडी बाजेखाली असायची. एकदा संध्याकाळी लाईट गेली. नेहमी जाते तशी गेली म्हणून आम्ही कंदील लावला, पण ती येईना. पेटीतला पारा उतरायला लागला. मी पोराला बाहेर घेऊ का विचारलं, तर बाहेर त्याहून गार. आत्याबाईंनी बाजेखालची शेगडी ओढली, बाज आणि स्टूल यांच्या मधल्या जागेत पेटीला लागून ठेवली आणि निखारे फुलवले. पारा थांबला, मग हळूहळू चढून आपल्या रेघेवर आला. नवरा फार्मवरून अंधारात सायकल हाणत आला तो धापा टाकत. त्याने आधी पोराकडे पाहिलं, मग पाऱ्याकडे, मग शेगडीकडे. "माय," तो म्हणाला, "तू तं माह्या कटापेक्षाही भारी निघाली."

आत्याबाई शेगडी परत सरकवायला लागल्या तेव्हा तोच म्हणाला, राहू दे तिथेच, लाईटचा काय भरवसा. तेव्हापासून शेगडीची जागा ती झाली. मला तिथून शेकही मिळायचा आणि पेटीलाही आधार. आत्याबाईंना त्या दिवसापासून पेटीचा राग उरला नाही, उलट ती आपल्या पोराची आणि आपली अशी दोघांची वस्तू झाल्यासारख्या त्या वागायला लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की लाईट असली की माझा लेक राखते, लाईट गेली की मी राखते. मी कधी नव्हे इतकी त्या घरात सुखी होते. पोराच्या गालावर जरासं मांस दिसायला लागलं होतं. एकदा त्याने माझं बोट धरलं आणि सोडेना.

मग गारपीट झाली. फेब्रुवारीत आमच्या भागात ती अधूनमधून होते आणि संत्र्याचा बहार झोडपून जाते. दुपारी पत्र्यावर इतका आवाज होत होता की आम्ही एकमेकींशी बोलू शकत नव्हतो. पाऊस थांबला आणि अशी थंडी पडली की भांड्याला हात लावावासा वाटेना. मी दिवेलागणीच्या आधीच रेघ रात्रीच्या खुणेला लावली. आत्याबाईंनी शेगडी काठोकाठ भरली. निजताना मी पाहिलं, पारा आपल्या रेघेवर होता. बल्ब बहुतेक वेळ विझलेलाच होता. एवढ्या थंडीतही बल्ब लागत नाही, म्हणजे पेटी किती छान राखली आहे, असं मी नवऱ्याला म्हटल्याचं मला आठवतं. तोही वाकून पारा बघून गेला. लाईट रात्रभर गेली नव्हती, हेसुद्धा आम्ही नशीब समजलो.

पहाटे आत्याबाई दूध पाजायला उठल्या आणि त्यांनी मला हाक मारली. त्यांचा आवाज अगदी साधा होता. पोराचं डोकं गार होतं, हातपाय गार होते, ओठ निळसर. तोंडात सोडलेला थेंब कडेने बाहेर आला. मी त्याला उचलून छातीशी घेतलं, आत्याबाईंनी गोधड्या टाकल्या, नवरा डॉक्टरीणबाईंकडे धावला. त्या आल्या, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. दुपार व्हायच्या आत पोर गेलं. पारा तेव्हाही रेघेवर होता. नवरा पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होता.

एवढ्या लहान जिवाला पुरतात. चार माणसं जाम नदीच्या काठी गेली आणि आली. लोक म्हणाले, आठव्यातलंच होतं, आधीच सांगितलं होतं. आधी त्याच बाया मला सातव्यात ढकलत होत्या. मला त्यांच्या अंगावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, पण दूध भरून छाती ठणकत होती आणि हात उचलवत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या कमी वजनाची पोरं अशी अचानक जातात, कारण सापडतंच असं नाही. ते मी धरून ठेवलं. कारण नाही म्हटल्यावर कुणाला विचारायचं राहत नाही.

पोर नसलं तरी बाळंतीण बाळंतीणच असते. आत्याबाईंनी माझा शेक थांबवला नाही. शेगडी तिथेच असायची, स्टुलावर रिकामी पेटी तशीच होती, तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. काही दिवसांनी शेठचा निरोप आला की कट परत पाहिजे. नवरा एक दिवस कामाहून लवकर आला आणि पेटीजवळ बसला. देण्याआधी चालतो की नाही हे पाहायला त्याने तारा जोडल्या. बल्ब लागले. थोड्या वेळाने कट वाजला आणि विझले. त्याला ते लवकर वाटलं असावं, कारण तो तसाच बसून राहिला. मग त्याने झाकण उचलून भिंतीकडच्या टोकाला हात घातला, जिथे पोराचं डोकं असायचं. हात काढून माझ्याकडच्या टोकाला घातला, पाऱ्यापाशी. पुन्हा तिकडे. मग माझा हात धरला आणि आत नेला. माझ्याकडे ऊब होती. भिंतीकडे कापूस गार होता, माठाच्या बुडासारखा.

त्याने चिमट्याने शेगडी ओढून बाहेरच्या दाराकडे नेली. आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळाने बल्ब लागले आणि लागून राहिले. त्याने शेगडी पुन्हा जागेवर आणली. बल्ब विझले. पारा दोन्ही वेळेला जवळपास तिथेच होता. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. शेगडी पेटीचं एक टोक तापवत होती आणि कट त्याच टोकाला होता. त्याला वाटायचं ऊब पुरली, आणि तो बल्ब विझवायचा. जितकी थंडी जास्त तितकी आत्याबाई शेगडी भरायच्या, जितकी शेगडी भरायची तितका बल्ब विझलेला राहायचा. आणि दुसऱ्या टोकाला माझं पोर.

आत्याबाई सैपाकघरात माझ्यासाठी डिंक तळायला गेल्या होत्या. तुपाचा वास येत होता. नवरा माझ्या कानाशी वाकला.

"मायले सांगू नको," तो म्हणाला. "शेगडी राहू दे असं मीच म्हटलं होतं. तिले कळलं तर ती मरून जाईन."

मी मान हलवली. त्याने कट काढला, फडक्यात गुंडाळला आणि पेटी उचलून मागच्या अंगणात नेली. तिथे ती मोडल्याचा आवाज आला. आत्याबाई डिंकाची वाटी घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या की सगळं संपव. मी संपवलं.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल मला फार लिहवत नाही. नवऱ्याने शेठला सांगून मशीनची खोली सोडली आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या गोदामात काम मागून घेतलं. मशीनचा कंटाळा आला म्हणाला. घरात 'कट' हा शब्द पुन्हा कधी निघाला नाही. आईशी मात्र तो इतका गोड वागायला लागला की मला ते बघवेना. बाजारातून येताना तिच्यासाठी न चुकता काहीतरी आणायचा, तिच्या पायांना तेल लावायचा, ती ओरडली तरी हसायचा. मला तिचा राग यायचा. खरं सांगते, कधीकधी तिच्या हातचं पाणी प्यावंसं वाटत नसे. तिचा काही दोष नाही हे मला कळत होतं, म्हणून तो राग ठेवायला कुठे जागाही नव्हती. मी भांडी जोरात आपटायचे. आत्याबाई एरवी भांड्याच्या आवाजावरून दहा गोष्टी ऐकवणाऱ्या, त्या काही बोलायच्या नाहीत. वस्तीतली बोलावणी त्यांनी हळूहळू सोडून दिली. गुडघे धरले म्हणायच्या. शेक द्यायला दुसऱ्या बायका जायला लागल्या. मला वाटलं, वय झालं.

दशक संपता संपता मला मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, धडधाकट, रडली तर शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशी. तेव्हाही थंडीच होती. मी बाजेवर पडले होते, पोरगी कुशीत होती, नवरा कामावर गेला होता. आत्याबाई बाजारातून रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्या कंबरेखाली सरकवली आणि बाजेच्या पायथ्याशी बसल्या. शेजारणीने दारातून विचारलं की आत्याबाईच्या घरात बाळंतीण आणि शेगडी नाही, हे कसं. आत्याबाई म्हणाल्या, धुरानं पोरीचे डोळे जातात. शेजारीण गेली. मग मीच विचारलं, शेगडी नाही का लावत? विचारताना माझ्या मनात काही नव्हतं, कंबर खरंच दुखत होती.

त्या पोरीच्या पायांवरून हात फिरवत होत्या.

"त्या दिवशी मी डिंक घेऊन सैपाकघराच्या दाराशीच उभी होती, माय," त्या म्हणाल्या. "तो शेगडी इकून तिकून सरकवून राहिला होता. मी पाहून राहिली होती."

मी उठून बसायला गेले, त्यांनी खांद्याला धरून मला निजवलं.

"तुम्ही दोघं मले सांगून नाई राहिले, तर मी काय बोलू? मीही चूप राहिली. तू भांडे आदळे तं मले बरं वाटे. कोणी तरी तं रागावलं माह्यावर." त्यांनी पोरीच्या पायांवर दुपटं ओढलं. "त्याले नको सांगजो. मले माहीत नाई असं समजूनच जगून राहिला तो."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत धरला नव्हता. त्यांच्या बोटांना निखाऱ्यांचे जुने डाग होते. माझं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवून मी रडले, पोरगी उठेल म्हणून आवाज न करता. त्या रडल्या नाहीत. संध्याकाळी नवरा आला, त्याने बाजेखाली वाकून पाहिलं आणि शेगडी का नाही म्हणून विचारलं. आत्याबाईंनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. तो पटकन बरं म्हणाला आणि पिशवीसाठी पाणी तापवायला गेला.

त्यानंतर आत्याबाई बरीच वर्षं होत्या. मुलगी त्यांच्याच अंगावर वाढली. एका घरात आम्ही तिघं मोठी माणसं राहत होतो, आणि दोन बाजूंनी दोन शपथा माझ्याच गळ्यात होत्या. कितीदा वाटलं की दोघांना समोरासमोर बसवावं आणि सांगून टाकावं. माय-लेक एकदा गळ्यात पडून रडले असते तर त्यांचं आणि माझंही आयुष्य हलकं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पण दोघांनीही माझ्याकडून तेवढी एकच गोष्ट मागितली होती.

आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांना काही त्रास झाला नाही. विहारातले लोक वंदना करून गेले, पाहुणे गेले, घर मोकळं झालं. नवरा अंगणात खाली बसला होता. त्याचे केस तोवर पांढरे झाले होते. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ तो मातीत काडीने काहीतरी ओढत होता.

"एक चांगलं झालं," तो म्हणाला. "मायले शेवटपर्यंत नाई कळलं."

मी हो म्हणाले.